कर्ल चालतं, स्क्रिप्ट अडते : माझा अनुभव

आमच्या कारखान्यात रोज पहाटे पर्ल या प्रोग्रॅमिंग भाषेतली एक स्क्रिप्ट चालते. पुरवठादाराच्या सर्व्हरवरून कच्च्या मालाच्या दरांची फाइल आणायची आणि आमच्या मागणीची यादी तिकडे पाठवायची, एवढंच तिचं काम. ती लिहिणारे गृहस्थ कधीच निवृत्त झाले. स्क्रिप्ट मात्र वर्षानुवर्षं बिनतक्रार चालत होती, त्यामुळे तिच्याकडे कुणी वळून पाहिलं नव्हतं. मग पुरवठादारानं सर्व्हर बदलला, फाइल यायची थांबली आणि खरेदी विभागातून फोन सुरू झाले.

लॉगमध्ये 'फाइल मिळाली नाही' या ओळीपलीकडे काहीच नव्हतं. फाइल आणण्यासाठी स्क्रिप्टमध्ये एलडब्ल्यूपी-सिंपल हे मॉड्यूल वापरलं होतं. एलडब्ल्यूपी ही वेबशी बोलण्यासाठीची पर्लची लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच. त्यातलं 'गेट' हे फंक्शन काम झालं तर मजकूर देतं आणि नाही झालं तर काहीच देत नाही. का झालं नाही, हे विचारायची सोयच त्यात नाही. चार ओळींच्या कामाला ते छान आहे, पण रोज पहाटे माणूस जवळ नसताना चालणाऱ्या कामाला ते वापरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

नेटवर्क सांभाळणाऱ्या सहकाऱ्यानं आमच्याच सर्व्हरवरून कर्ल, म्हणजे वेब पत्त्यावरून फाइल आणणारी-पाठवणारी कमांड, चालवून दाखवलं. फाइल झटक्यात आली. "लाइन ठीक आहे, त्यांचा सर्व्हर ठीक आहे, तुमची स्क्रिप्टच बिघडलीय," असा निकाल त्यानं दिला. पण स्क्रिप्टमधलं एक अक्षरही कुणी बदललेलं नव्हतं. मग एकाच यंत्रावरून, एकाच पत्त्यावर गेलेल्या दोन विनंत्यांची उत्तरं वेगळी कशी?

कर्लबद्दल मला मनापासून आदर आहे. स्वीडनच्या डॅनिएल स्टेनबर्ग यांनी १९९८ मध्ये ते या नावानं प्रसिद्ध केलं. मुळात आयआरसी या गप्पांच्या जुन्या सेवेवरच्या एका बॉटला (आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमला) चलनांचे दर आपोआप आणता यावेत म्हणून ते काम सुरू झालं होतं, म्हणजे आमच्या स्क्रिप्टच्याच जातीचं काम. पण कर्लला फाइल मिळाली यावरून कर्लला फाइल मिळते एवढंच कळतं. पर्लची स्क्रिप्ट वेगळ्या लायब्ररीतून बोलते. समोरच्या सर्व्हरची ओळख पटवणारी तिची प्रमाणपत्रं वेगळी, रीडायरेक्टचे (एका पत्त्यावरून दुसऱ्यावर पाठवलं जाण्याचे) नियम वेगळे, ओळख सांगायची रीत वेगळी. म्हणून तपासायला साधन हवं ते त्याच लायब्ररीवर बसलेलं.

पर्लमध्ये ते आहे आणि फार जुनं आहे. पुढे वेबवर बोलण्याच्या नियमांचं, म्हणजे एचटीटीपी १.१ चं, प्रमाण लिहिणाऱ्यांपैकी एक झालेल्या रॉय फील्डिंग यांनी पर्ल ४ साठी पहिली लिब-डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-पर्ल तयार केली. पर्ल ५ साठी गिस्ले ओस आणि मार्टेन कोस्टर यांनी ती नव्यानं बांधली. तीच आजची एलडब्ल्यूपी. तिच्यासोबत एलडब्ल्यूपी-रिक्वेस्ट, एलडब्ल्यूपी-मिरर, एलडब्ल्यूपी-डाउनलोड आणि एलडब्ल्यूपी-डम्प अशा कमांड येतात. एलडब्ल्यूपी-रिक्वेस्टला जीईटी ('गेट', मजकूर मागवा), एचईएडी ('हेड', मजकुराविना फक्त त्याची माहिती मागवा) आणि पीओएसटी ('पोस्ट', मजकूर पाठवा) या विनंत्यांच्या प्रकारांवरून अशी मोठ्या अक्षरांतली छोटी नावंही देता येतात, पण ती घेऊ नका. मॅकच्या फाइल-व्यवस्थेत लहान-मोठ्या अक्षरांचा फरक सहसा धरला जात नाही, त्यामुळे मोठ्या अक्षरांतल्या 'हेड'नं फाइलच्या पहिल्या ओळी दाखवणारी मूळची 'हेड' कमांड पुसून टाकल्याचा प्रकार पूर्वी पुष्कळांनी अनुभवला आहे.

कमांड चालवण्याआधी एक गोष्ट पाहिली. आमच्या सर्व्हरवर दोन पर्ल आहेत, एक सिस्टिमचं आणि एक त्या गृहस्थांनी वेगळ्या फोल्डरमध्ये बसवलेलं. स्क्रिप्टची पहिली ओळ दुसऱ्याकडे बोट दाखवते. टर्मिनलवर नुसतं एलडब्ल्यूपी-रिक्वेस्ट लिहिलं असतं तर सिस्टिमचं पर्ल जागं झालं असतं आणि कदाचित सगळं सुरळीतही दिसलं असतं. म्हणून स्क्रिप्टच्या पर्लचा पूर्ण मार्ग लिहून त्याच्याकडूनच कमांड चालवून घेतली. सोबत तीन पर्याय दिले: मोठा एस म्हणजे वाटेतल्या प्रत्येक टप्प्याचा स्टेटस (उत्तराचा क्रमांक) दाखव, लहान ई म्हणजे उत्तराचे हेडर (मजकुराआधी येणाऱ्या माहितीच्या ओळी) दाखव आणि लहान डी म्हणजे मजकूर दाखवू नको. इथे कर्लची सवय असलेल्यांनी सावध राहावं. कर्लमध्ये लहान डी म्हणजे डेटा पाठव. कर्लचा लहान एस गप्प राहायला सांगतो, तर इथला लहान एस स्टेटस बोलून दाखवतो. अक्षरं तीच असली तरी अर्थ अगदी उलटे आहेत.

पडद्यावर दोन ओळी उमटल्या. पहिलीत जुना, 'एस' नसलेला एचटीटीपी पत्ता, पुढे बाण आणि ३०१, म्हणजे कायमचं स्थलांतर. दुसरीत नवा, सुरक्षित एचटीटीपीएस पत्ता, बाण आणि ५००, म्हणजे सर्व्हरमधला बिघाड, सोबत 'जोडता आलं नाही, प्रमाणपत्राची पडताळणी फसली' असा मजकूर.

५०० दिसलं की बहुतेक जण समोरच्या सर्व्हरला दोष देतात आणि तिकडे ईमेल ठोकतात. हेडर वाचले तर ती वेळ येत नाही. एलडब्ल्यूपी स्वतः घातलेल्या बहुतेक हेडरचं नाव 'क्लायंट'नं सुरू करते. आमच्या उत्तरात 'क्लायंट-वॉर्निंग : इंटर्नल रिस्पॉन्स' अशी ओळ होती. म्हणजे हे ५०० समोरच्या सर्व्हरनं दिलेलंच नव्हतं. जोडणी झाली नाही म्हणून लायब्ररीनंच उत्तर तयार करून हातात ठेवलं होतं. ही एक ओळ ओळखता आली की अर्धी भांडणं मिटतात. पुरवठादाराच्या तांत्रिक माणसांना मी त्या दिवशी फोन केला नाही तो यामुळेच.

आता प्रमाणपत्र का नाकारलं गेलं, ते पाहायचं होतं. कर्ल आमच्या सर्व्हरवर सिस्टिमचा प्रमाणपत्रांचा साठा वापरतं आणि तो नियमित अद्ययावत होतो. त्या वेगळ्या पर्लमधली एलडब्ल्यूपी मोझिला-सीए नावाच्या मॉड्यूलमधला साठा वापरत होती आणि ते मॉड्यूल बसवल्यापासून तसंच पडून होतं. नव्या सर्व्हरचं प्रमाणपत्र ज्या मूळ प्रमाणपत्रावर उभं होतं, ते त्या जुन्या साठ्यात नव्हतंच. शंका खरी आहे का हे पाहायला पर्ल_एलडब्ल्यूपी_एसएसएल_सीए_फाइल हा एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल (प्रोग्रॅमला बाहेरून दिलं जाणारं सेटिंग) सिस्टिमच्या साठ्याकडे वळवला आणि तीच कमांड पुन्हा चालवली. ३०१ नंतर २००, म्हणजे काम झालं, असं आलं. हेडरमध्ये प्रमाणपत्र कुणी दिलं आणि कुणाच्या नावे दिलं, याच्या ओळीही दिसल्या. स्क्रिप्टला हात न लावता रोगाचं निदान झालं होतं.

इंटरनेटवर या रोगावर एक उपाय सर्रास सांगितला जातो: पडताळणीच बंद करून टाका. एका व्हेरिएबलला शून्य दिलं की तक्रार थांबते. तसं करायला मी ठाम नकार दिला. त्या जोडणीतून आमचा पासवर्ड जातो, कुठला माल किती हवा ते जातं. समोर खरोखर पुरवठादारच आहे की मधे बसलेला भलताच कुणी, हे तपासायचंच सोडलं तर एचटीटीपीएस वापरण्यात अर्थ काय राहिला? मोझिला-सीए अद्ययावत केलं, आणि सिस्टिमसोबत तेही अद्ययावत होईल अशी नोंद देखभालीच्या यादीत घातली.

फाइल आणण्याचा प्रश्न सुटला, पण यादी पाठवण्याचा भाग अजून अडलेलाच होता, आणि खरं शिकायला मिळालं ते तिथे.

सहकाऱ्यानं याही वेळी कर्लनं यादी पाठवून पाहिली होती. रीडायरेक्टमागे जाण्यासाठी त्यात मोठा एल हा पर्याय होता. उत्तर आलं २००. "पोचली," तो म्हणाला. पुरवठादाराकडे विचारलं तर यादी पोचलेली नव्हती. कर्लचं विस्तृत विवरण, म्हणजे लहान व्ही, लावून आम्ही दोघांनी मिळून ते वाचलं. जुन्या पत्त्यावर पोस्ट गेली, ३०१ आलं आणि कर्लनं नव्या पत्त्यावर जाताना पोस्टचं गेट करून टाकलं. यादी वाटेतच गळाली. नव्या पत्त्यावर साध्या गेट विनंतीला मिळतं ते पान मिळालं, आणि २०० होतं ते त्या पानाचं. यात कर्लचं काही चुकलेलं नाही. ३०१ आणि ३०२ मिळाल्यावर ब्राउझरही असंच वागतात, आणि तसं वागू नये अशी सूचना म्हणूनच पुढे ३०७ आणि ३०८ हे वेगळे क्रमांक आले.

एलडब्ल्यूपीचा स्वभाव निराळा. गेट आणि हेड या दोनच विनंत्यांचे रीडायरेक्ट ती आपणहून पाळते. पोस्टला ३०१ मिळालं की ती थांबते आणि ते ३०१ तुमच्या हाती देते. एलडब्ल्यूपी-रिक्वेस्टला पोस्ट करायला सांगितलं की पाठवायचा मजकूर ती स्टँडर्ड इनपुटवरून घेते. मी यादीची फाइल तिकडे वळवली आणि मोठ्या एसनं वाट पाहिली. एकच ओळ आली: पोस्ट, जुना पत्ता, बाण, ३०१. पुढे काही नाही. स्क्रिप्टमध्ये नेमकं हेच होत होतं, फक्त तिथे कुणी स्टेटस तपासत नव्हतं.

मला हे थांबणंच जास्त आवडतं. मागणीची यादी गुपचूप गहाळ होऊन वर २०० मिळण्यापेक्षा समोर ३०१ दिसलेलं शतपटीनं बरं. पोस्टलाही रीडायरेक्टमागे धाडायची सोय एलडब्ल्यूपीत आहे, पण ती न वापरता स्क्रिप्टमध्ये थेट नवा एचटीटीपीएस पत्ता लिहिला. त्यातून दुसरी गोष्टही सुधारली. रीडायरेक्ट मिळेपर्यंतची पहिली विनंती साध्या एचटीटीपीनं जात असल्यानं मागणीची यादी तेवढ्या टप्प्यात उघडी जात होती. सरळ नव्या पत्त्यावर गेलं की तो टप्पाच उरत नाही.

इतकं झाल्यावर आलं ४०३, प्रवेश नाही. कर्लला प्रवेश होता, आम्हाला नव्हता. या वेळी मोठा यू लावला, म्हणजे आपण पाठवलेले हेडर दिसतात. यूझर-एजंटच्या, म्हणजे विनंती करणारा कोण ते सांगणाऱ्या, ओळीत लिब-डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-पर्ल आणि तिची आवृत्ती होती. हे नाव अनेक फायरवॉलच्या नियमांत अडवलेलं असतं, कारण कमकुवत वेबसाइट हुडकत फिरणारे पुष्कळ प्रोग्रॅम एके काळी याच लायब्ररीवर लिहिले गेले. मोठ्या एचनं वेगळं यूझर-एजंट देऊन पाहिलं आणि दार उघडलं.

क्रोम असल्याचं सोंग घेणं सगळ्यात सोपं होतं. ते केलं नाही. समोरच्याच्या सर्व्हरवर रोज जायचं असेल तर आपण कोण ते सांगून जावं. एलडब्ल्यूपी नव्यानं बांधणाऱ्या मार्टेन कोस्टर यांनीच १९९४ मध्ये रोबोट्स डॉट टीएक्सटीची, म्हणजे आपोआप फिरणाऱ्या प्रोग्रॅमनी साइटवर कुठे जाऊ नये हे सांगणाऱ्या फाइलची, कल्पना मांडली होती, आणि ती मर्यादा पाळणारा रोबोट-यूए नावाचा वेगळा वर्गही एलडब्ल्यूपीत आहे. सभ्यपणे वागायची सोय त्या लायब्ररीत सुरुवातीपासून आहे, आपण ती वापरायची. मी यूझर-एजंटमध्ये कंपनीचं आणि स्क्रिप्टचं नाव घातलं, 'फ्रॉम' हेडरमध्ये आमच्या विभागाचा ईमेल घातला आणि पुरवठादाराला पत्र लिहून दोन्ही कळवलं. त्यांच्याकडून सविस्तर उत्तर आलं, नाव त्यांच्या परवानगीच्या यादीत गेलं, आणि दरांची फाइल पहाटे नेमकी कधी बदलते हेही त्यांनी आपणहून सांगितलं.

त्या माहितीचा लगेच उपयोग झाला. 'गेट' काढून तिथे एलडब्ल्यूपी-यूझरएजंटचं 'मिरर' घातलं. आपल्याकडच्या फाइलची तारीख ते विनंतीसोबत पाठवतं. तिकडे बदल नसेल तर ३०४ येतं आणि फाइल पुन्हा उतरवली जात नाही. टर्मिनलवर हेच एलडब्ल्यूपी-मिररनं आधी करून पाहिलं, मगच स्क्रिप्टमध्ये आणलं. आता लॉगमध्ये प्रत्येक टप्प्याचा स्टेटस येतो, आणि 'क्लायंट-वॉर्निंग' असेल तर तेही येतं. शेवटची चाचणी टर्मिनलवर न घेता क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या सेवेतून, घेतली, कारण आपल्या टर्मिनलमध्ये प्रॉक्सीचे (विनंत्या पुढे पोचवणाऱ्या मधल्या सर्व्हरचे) जे व्हेरिएबल असतात ते क्रॉनला मिळतीलच असं नाही, आणि एलडब्ल्यूपी-रिक्वेस्ट ते मुकाट्यानं उचलते.

आमच्याकडे नव्यानं आलेली मुलगी पायथॉनमध्ये लिहिते. तिच्या स्क्रिप्ट रिक्वेस्ट्स या लायब्ररीवर चालतात, म्हणून तिला तपासणीसाठी एचटीटीपी-पाय हे कर्लसारखं साधन सुचवलं. ते रिक्वेस्ट्सवरच बांधलेलं आहे, आणि सर्टिफाय या मॉड्यूलमधला प्रमाणपत्रांचा वेगळा साठा दोघांनाही लागू होतो. एक फरक तिनं दुसऱ्याच दिवशी स्वतः शोधून मला दाखवला: रिक्वेस्ट्समधलं गेट रीडायरेक्टमागे आपोआप जातं, एचटीटीपी-पाय मात्र 'फॉलो' हा पर्याय दिल्याशिवाय जात नाही. मी तिला विभागाच्या वहीत ते लिहून ठेवायला सांगितलं. आता त्या पानावर कर्ल, एलडब्ल्यूपी-रिक्वेस्ट आणि एचटीटीपी-पाय यांचे रकाने आहेत. कोण रीडायरेक्ट पाळतं, कोण पोस्टचं गेट करतं, प्रमाणपत्रं कुठून घेतं आणि यूझर-एजंटमध्ये काय सांगतं, हे रकाने ती एकेक करून भरते आहे.