तुम्ही विचारलेत म्हणून: हा हलका लॅपटॉप घ्यावा का?

माझ्या पिशवीतला 11.6 इंची लॅपटॉप दिसला की समोरचा माणूस तो उचलून हातावर तोलतो आणि विचारतो, 'एवढा हलका, शिवाय स्वस्त. मग आम्हीही हाच घ्यावा का?' या प्रश्नाला मी कधी 'डोळे झाकून घ्या' असे उत्तर दिले आहे, तर कधी 'मुळीच घेऊ नका' असे. दोन्ही उत्तरे मनापासून दिलेली होती, म्हणूनच आता एकदाचे लिहून टाकते.

वजन साधारण 1.1 किलो. आतला प्रोसेसर जेमतेम 6 वॅटचा असल्यामुळे पंख्याची गरज नाही आणि वाचनालयात कोणी आवाजाने मान वर करत नाही. लेखन, मेल आणि पीडीएफ वाचणे एवढ्या कामासाठी मी तो चार वर्षे आनंदाने वापरते आहे. उजवी शिफ्ट कळ इतकी अरुंद आहे की करंगळी अजूनही वरच्या बाणावर पडते आणि अक्षरे भलत्याच ओळीत उमटतात. ही तक्रार करायची नाही असे ठरवले होते, पण झालीच.

खरे सांगायचे ते वेगळेच आहे. माझ्या शब्दावर बहिणीच्या मुलीने याच जातीचा लॅपटॉप घेतला. विंडोज 11 ची अधिकृत किमान अट 4 जीबी रॅम (चालू कामाची तात्पुरती जागा) आणि 64 जीबी स्टोरेज (फायली साठवायची कायमची जागा) अशीच आहे, आणि याच्यात नेमके तेवढेच आहे, असे मी तिला ठासून सांगितले होते. तिच्या प्रबंधाची तोंडी परीक्षा ऑनलाइन होती आणि मी त्याच खोलीत, कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर बसले होते. ब्राउझरमध्ये बैठक, शेजारी स्लाइड्स, आणि पाठीमागे कोणालाही न विचारता उतरू लागलेले अपडेट. रॅम भरली की यंत्र तिथला पसारा स्टोरेजवर हलवते. पण इथले स्टोरेज ईएमएमसी प्रकारचे, जे एका वेळी एकतर वाचते नाहीतर लिहिते, आणि त्यात रिकामी जागा 3 जीबीही उरलेली नव्हती. तिसऱ्या स्लाइडवर पडदा गोठला. निळे वर्तुळ फिरत राहिले, परीक्षकांचा आवाज तुटत तुटत बंद पडला, आणि तिने लॅपटॉप बाजूला सारून मोबाइलवरून बैठकीत पुन्हा प्रवेश केला. स्लाइड्स दाखवता येईनात, तेव्हा आलेखाची रेघ कुठे चढते आणि कुठे मोडते, हे तिने बोटाने हवेत काढून दाखवले. ती उत्तीर्ण झाली. संध्याकाळी एवढेच म्हणाली, 'मावशी, तू म्हणाली होतीस ना, पुरेल म्हणून?'

आता माझी बाजू. एका वेळी दोनच टॅब उघडे ठेव, असे मी तिला बजावले होते; परीक्षेच्या दिवशी तिने तेवढेच ठेवले होते, म्हणजे ही बाजूही फार टिकत नाही. रॅम आणि स्टोरेज दोन्ही आतल्या मुख्य बोर्डावरच कायमची जोडलेली असल्यामुळे पुढे वाढवता येत नाहीत, हे मला ठाऊक होते, पण मी ते सांगितले नाही, कारण मला वजनाचे कौतुक सांगायचे होते. 2007 साली आलेल्या आसूसच्या ई-पीसी या छोट्या लॅपटॉपला 7 इंची पडदा आणि अवघे 4 जीबी स्टोरेज होते, तरी लोकांनी तो हौसेने वापरला, हा माझा त्या वेळचा आवडता दाखला. तेव्हाची संकेतस्थळेही तशीच हलकी होती, हे मी सोयीस्करपणे विसरत असे. किमान म्हणजे यंत्र सुरू होण्यापुरते. त्यावर काम किती होईल याची हमी त्या आकड्यात कुठेच नसते.

तरीही प्रवासाला निघताना मी हाच उचलते. 8 जीबी रॅम आणि बदलता येणारी एसएसडी (ईएमएमसीपेक्षा वेगवान स्टोरेज) असलेले यंत्र बहुधा थोडे जड आणि महाग पडते, आणि जड यंत्र मी घरीच ठेवून निघते, हेही तितकेच खरे आहे.

गेल्या आठवड्यात भाचीचाच निरोप आला: तिच्या मैत्रिणीला हलका आणि स्वस्त लॅपटॉप हवा आहे, काय सांगू? त्यावर ती नेमके काय काम करणार आहे, असे मी उलट विचारले. 'ते तिलाही अजून माहीत नाही,' असे उत्तर आले. त्याला मी अजून काहीच लिहिलेले नाही.