नवीन माणसाला आधी पाठराखीण द्या

आमच्याकडे नवरी पहिल्यांदा सासरी निघाली की तिच्यासोबत पाठराखीण जाते. लहान बहीण नाहीतर आत्या, मावशी, कोणीतरी. तिचं काम काय तर बस सोबत राहायचं, पोरगी जेवली का, झोपली का, कोणी टोचून बोलत नाही ना एवढं पाहायचं. आमच्या बीडीएसएमच्या (दोरानं बांधणं, हुकूम देणं-मानणं, दुखण्यातली गोडी, सगळं सज्ञान माणसांच्या राजीखुशीनं) ग्रुपमधे कोणी नवीन आलं की त्याच्यासाठी आम्ही एक जुना माणूस ठरवतो आणि त्यालाही पाठराखीणच म्हणतो, पुरुष असला तरी पाठराखीण. बाहेर याला बडी, मेंटॉर असं काय काय म्हणतात पण ते शब्द आमच्या लोकांच्या तोंडी बसले नाहीत, आणि पाठराखीण म्हटलं की कोणाला काही समजावून सांगावं लागत नाही.

आम्ही मोजून अकरा-बारा जण, वर्धा, यवतमाळ, अमरावती या तीन जिल्ह्यांतल्या खेड्यापाड्यांतले. महिन्यातून एकदा भेटतो, खातो, बोलतो, निघतो. साधे कपडे, साधं फॅमिली हॉटेल, तिथे दुसरं काहीही होत नाही. अशा भेटीला जगभर मंच म्हणतात, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात या आवडीचे लोक बर्गर खायला जमायचे तिथून ते नाव आलं, इंग्रजीत मंच म्हणजे चावूनचावून खाणं. पण एका ताईंना आपला मराठीतला मंच वाटला, स्टेजवर उभं राहून काही बोलावं लागते की काय या धाकानं त्या दोन महिने आल्याच नाहीत. तेव्हापासून आम्ही नुसतं "पोह्याला या" म्हणतो.

शहरातल्या माणसाला वाटते नवीन माणसाची पहिली भीती दोराची नाहीतर चाबकाची असेल. आमच्या इथे तसं नाही, इथे पहिली भीती म्हणजे कोणी ओळखीचं भेटलं तर. तालुक्याच्या गावात तुम्ही चहा प्यायला बसले तर घरी पोहोचायच्या आत घरच्यांना माहीत असते कोणासोबत बसले होते. म्हणून आम्ही माणूस ज्या जिल्ह्यातला असेल त्या जिल्ह्यात त्याला बोलावत नाही, एमएच ३२ म्हणजे वर्ध्यावाले अमरावतीकडे येतात, एमएच २७ म्हणजे अमरावतीवाले वर्ध्याकडे. गाडी हॉटेलसमोर लावायची नाही. रविवार सोडून बाजाराचा दिवस धरतो कारण बाजाराच्या दिवशी "तालुक्याले जाऊन येतो" म्हटलं की घरी कोणी दुसरा प्रश्न विचारत नाही. आणि दुपारी चारच्या आत हॉटेलातून उठायचं म्हणजे उठायचं, कारण खेड्यावरची शेवटची एसटी सहा-साडेसहाला जाते आणि ती चुकली तर बाईमाणसाला मुक्कामाचं कारण काय सांगावं हा प्रश्न पडतो. हे सगळं बारीक वाटेल, पण माणूस परत येईल का नाही ते यावरच ठरते असं माझं स्पष्ट मत आहे.

मागच्या वर्षी वेचणीच्या दिवसांत एक पोरगा आला, २६ वर्षांचा, घरी सात एकर, स्वतः ट्रॅक्टर चालवतो. (वयाचं आम्ही आधीच पाहतो, अठराच्या आतलं कोणी असेल तर विषयच नाही, नुसती शंका आली तरी नाही.) पाऊण तास नुसता बसला होता. पोहे थंड झाले, लिंबू पिळत होता आणि बोटं पुसत होता, पिळत होता आणि पुसत होता. त्याच्या नखांभोवती पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) बोंडाचे ओरखडे होते. मी त्याची पाठराखीण. मी काही विचारलं नाही, यावर्षी बोंडअळी किती, भाव काय लागला एवढंच बोलले. मग एकदम म्हणे, "ताई, मले एकच इचाराचं हाय. मी पागल त नाही ना?"

म्हटलं, नाही रे बाबू.

एवढ्यानं त्याचं समाधान होणार नव्हतं हे मला माहीत होतं कारण माझंही झालं नव्हतं. म्हणून त्याला सांगितलं की जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची यादी असते, तिची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, आणि दोन सज्ञान माणसांच्या राजीखुशीनं चालणारी ही आवड त्या यादीत आजार म्हणून ठेवलेलीच नाही, आधीच्या यादीत होती ती काढली. जबरदस्तीचं जे आहे ते मात्र ठेवलं आहे, आणि ठेवायलाच पाहिजे. अमेरिकन मानसोपचारवाल्यांच्या २०१३ च्या पुस्तकातही असंच, नुसती आवड म्हणजे विकार नाही, त्यापायी स्वतःला खूप त्रास होत असेल नाहीतर दुसऱ्याला इजा होत असेल तर विकार. त्यानं तारीख पुन्हा विचारली, मोबाईलमधे लिहून घेतली. मग ते थंड पोहे खाल्ले सगळे.

मी हे इतकं जीव लावून का सांगते, तर माझ्यासोबत कोणी नव्हतं. २०१६ ची गोष्ट, मी २९ ची होते. एका मोठ्या शहरातल्या माणसाशी ओळख झाली, बोलायला गोड, सगळं येते म्हणे. मी माझ्या मर्यादा सांगायला गेले तर म्हणाला खरी सबमिसिव्ह (म्हणजे हुकूम मानणारी) लिमिट सांगत नसते, भरवसा ठेवते. मला वाटलं असंच असेल, विचारू कोणाला? त्यानं दंडाला नायलॉनचा दोर बांधला, साधा कृषी केंद्रातला, हाताला मुंग्या आल्या तेव्हा मी सांगितलं, म्हणे सवय होईल. सोडलं तेव्हा मनगट वर उचलता येईना. पंजा लटकला तो लटकलाच. पाच आठवडे भाकर थापता आली नाही, घरी सांगितलं हात अंगाखाली दबून झोपले, डॉक्टरलाही तेच सांगितलं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे इतके दिवस मला वाटत होतं चूक माझी, माझ्यातच सहनशक्ती कमी.

ती रेडियल नर्व्ह होती, दंडाच्या बाहेरच्या अंगानं हाडाला अगदी लागून जाते, तिथे दोर दाबला की ती सापडते. आज आमच्यात दोर हातात घ्यायच्या आधी नवीन माणसाला हे पहिले दाखवतो, स्वतःच्याच दंडावर बोट ठेवून. बांधलेल्या माणसाला मधूनमधून सांगायचं अंगठा वर कर, पंजा मागे वळव, नाही जमलं की लगेच सोडायचं, गाठ सुटायची वाट पाहायची नाही, कापायचं. बोथट टोकाची दवाखान्यातली कात्री हाताशी नसेल तर सुरूच करायचं नाही. गळ्याला दोर कधीच नाही. बांधलेल्या माणसाला एकटं सोडून दोन मिनिटंही बाहेर जायचं नाही. तो ट्रॅक्टरवाला पोरगा हे ऐकून म्हणाला होता, "ढोराले गयात फासाची गाठ देत नाही ना ताई, वढलं की आवळते, आडवी गाठ द्या लागते." शेतकऱ्याच्या पोराला दोर कळतो, फक्त दोराच्या त्या टोकाला माणूस आहे आणि तो बोलू शकतो हे नव्यानं शिकावं लागते.

बोलण्याचंच तर सगळं आहे. सेफ, सेन, कन्सेन्शुअल (सुरक्षित, शहाणपणानं, राजीखुशीनं) ही तीन शब्दांची ओळ १९८३ साली न्यूयॉर्कमधल्या गे पुरुषांच्या एका संस्थेतून निघाली, आज जगभर चालते. पण झेडपीच्या शाळेत शिकलेल्या माणसासमोर तुम्ही निगोशिएशन (आधी बोलून ठरवणं), हार्ड लिमिट (अजिबात नको ते) असं धाडधाड बोलले तर तो मान हलवतो आणि मान हलवणं म्हणजे संमती नाही. आम्ही कागदावर तीन रकाने केले, चालेल, विचारून चालेल, अजिबात नाही. बस. नवीन माणसानं तो घरी नेऊन भरायचा नाही (कागद सापडला म्हणजे?), तिथेच पाठराखिणीसोबत भरायचा आणि तिथेच फाडायचा. थांबायच्या शब्दाला लाल (थांब), पिवळा (हळू) चालते, पण एका वहिनींनी "पऱ्हाटी" ठेवला आहे, अशा वेळी हा शब्द चुकून कोणाच्याच तोंडात येणार नाही म्हणून. आणि तोंडानं बोलता येत नसेल तर हातात बैलाचं घुंगरू द्यायचं, पोळ्याला बांधतो ते, हातातून पडलं की त्या क्षणाला सगळं बंद.

पाठराखिणीसाठी नियम एकच कडक आहे. सहा महिने तिनं त्या नवीन माणसासोबत स्वतः काहीही करायचं नाही, ना दोर, ना नातं. हा नियम आम्ही ठेच लागून केला. आमच्यातला एक जुना, सगळ्यांच्या मदतीला धावणारा, नवीन पोरींना स्टँडवर घ्यायला जायचा, रात्री मेसेज करायचा, मी तुला शिकवतो दुसऱ्या कोणाकडे जाऊ नको असं. आम्हाला दिसत होतं. कोणीच बोललं नाही, कारण त्याचे सगळ्यांवर उपकार होते आणि माणसं आधीच कमी. एक पोरगी यायची बंद झाली तेव्हा मी तिला फोन केला, तिनं तीन वेळा उचलला नाही, चौथ्यांदा उचलून म्हणे, "ताई, तुमाले माईत होतं ना?" मला उत्तर देता आलं नाही. त्याला काढायला आम्हाला चार महिने लागले, चार महिने फार झाले, चार दिवसांत व्हायला पाहिजे होतं. ती परत आली नाही.

म्हणून आता नवीन माणसाला पहिल्याच दिवशी पाठराखिणीशिवाय आणखी दोन जणांचे नंबर देतो, पाठराखिणीचीच तक्रार असेल तर त्यांना सांगायचं. आणि पहिल्या तीन भेटी नुसते पोहे, कितीही घाई असली तरी. ज्याला तीन महिने थांबवत नाही तो काय दुसऱ्याच्या अंगाची काळजी घेणार.

कायद्याचंही आम्ही सांगतो, घाबरवायला नाही. खूप जणांना वाटते समोरचा हो म्हणाला म्हणजे झालं. १ जुलै २०२४ पासून जी भारतीय न्याय संहिता आहे तिच्या कलम २५ मधे अठरा वर्षांवरच्या माणसाच्या संमतीला जागा आहे, पण जीव जाईल किंवा गंभीर दुखापत होईल असा हेतू नसेल आणि तसं होईल हे माहीत नसेल तरच. आणि कलम २८ म्हणते भीतीपोटी नाहीतर गैरसमजातून दिलेली संमती ही संमतीच नाही, समोरच्याला ते माहीत असेल किंवा कळायला पाहिजे असेल तर. फोटोचं तर कोणाचंच ऐकायचं नाही, चेहरा नसला तरी नाही. कोणी चोरून काढला किंवा पसरवला तर आयटी कायद्याचं ६६ई कलम आहे, खासगी अंगाच्या फोटोसाठी तीन वर्षांपर्यंत कैद नाहीतर दोन लाखांपर्यंत दंड नाहीतर दोन्ही. पण खेड्यात फोटो फिरला तर कैदेनं काय भरून येणार, त्यापेक्षा फोटो नकोच.

एकट्यानं पहिल्यांदा कोणाला भेटायला जाणार असेल तर पाठराखिणीला जागा आणि वेळ सांगून जायचं, ठरलेल्या वेळी फोन करायचा. आधी टॉवर आहे का ते पाहून घ्या, मेळघाटाकडे गेलं की फोन लागत नाही आणि इथे आमचा जीव खालीवर होतो.

आणि नंतरचं. सगळं झाल्यावर पांघरूण, पाणी, गूळ-शेंगदाणे, सोबत बसणं हे बहुतेक जण करतात. पण दोन दिवसांनी जे होते ते कोणी सांगत नाही. मंगळवारी तुम्ही सोयाबीनमधे निंदत असता आणि एकदम रडू येते, कारण काहीच नाही, सगळं छान झालं होतं तरी. याला ड्रॉप म्हणतात, शरीर उतरते. शेजारच्या तासावरची बाई विचारते काय झालं माय, आणि तुम्ही काय सांगणार? त्यासाठी पाठराखिणीचा दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशीचा फोन असतो. त्या फोनवर ती दुसरं काही विचारत नाही, जेवलीस का विचारते. मला हात गेल्यावर पुण्याच्या एका वयस्क बाईंनी पहिला फोन केला होता तेव्हा हेच विचारलं होतं, मी अर्धा तास नुसती रडत होते आणि त्या लाइनवर होत्या.

तो पोरगा आता वर्षभरापासून येतो. पाचव्या महिन्यात एकानं त्याला विचारलं होतं, बांधू का, आणि यानं सगळ्यांसमोर "नाही, आज नको" म्हटलं, विचारणारा "बरं" म्हणाला आणि चहा आला. मला त्या दिवशी वाटलं आता हा आपला झाला.

पुढच्या बाजाराला दर्यापूरकडून एक नवीन जोडपं येणार आहे आणि त्यांची पाठराखीण तोच आहे, पहिल्यांदाच. परवा रात्री दहाला त्याचा फोन, "ताई, म्या त्यायले पयले काय इचारू?" म्हटलं, परतीची गाडी किती वाजता आहे ते विचार.