वनकौशल्यांचे दोन दिवसांचे शिबिर : आखणीची नोंद

शिबिराला नऊ दिवस उरले असताना ही नोंद लिहीत आहे. गेल्या पाच आठवड्यांत वेळापत्रकाचा कागद चार वेळा नव्याने लिहिला आणि प्रत्येक वेळी त्यातून काहीतरी गळले. जे उरले आहे ते मात्र आता पक्के वाटते. असे शिबिर भरवू पाहणाऱ्यांना यातील आकडे आणि क्रम उपयोगी पडावेत, म्हणून निर्णयांबरोबर त्यांची कारणेही लिहिली आहेत.

पहिला आठवडा : मिनिटांचा हिशेब

शिकवणारे आम्ही ५ जण आणि शिकायला येणारे १८. शनिवारी सकाळी जमायचे, रात्री ताडपत्रीखाली झोपायचे आणि रविवारी दुपारी जागा होती तशी करून निघायचे, एवढे आधीपासून ठरले होते. पहिल्या कागदावर मी आठ विषय लिहिले : चाकूचे काम, कुऱ्हाड, घर्षणाने अग्नी, निवारा, गाठी, दोरी वळणे, पाणी शुद्ध करणे आणि खाण्याजोग्या वनस्पती ओळखणे. यादी भरगच्च दिसत होती आणि कोणीच हरकत घेतली नाही, कारण प्रत्येकाच्या आवडीचा विषय तिच्यात होता.

नंतर हिशेब मांडला. जेवण, विश्रांती, आवराआवर आणि झोप वगळली तर दोन दिवसांत शिकवण्यासाठी सुमारे ९ तास, म्हणजे ५४० मिनिटे हाती लागतात. आठ विषयांत ती वाटली की एका विषयाला साधारण ६७ मिनिटे येतात. त्यातली १० मिनिटे एका जागेवरून दुसरीकडे जाण्यात आणि सामान मांडण्यात जातात, २० मिनिटे प्रात्यक्षिकात जातात आणि सरावाला ३७ मिनिटे राहतात. सहा जणांच्या गटात साहित्याचा एकच संच असेल, तर प्रत्येकाच्या हाताला जेमतेम ६ मिनिटे मिळतात. सहा मिनिटांत घर्षणाने अग्नी पेटवणे नवख्या माणसाला शक्यच नाही. तेवढ्या वेळात धनुष्याची दोरी चातीवर, म्हणजे धनुष्याने फळीवर गरगर फिरवायच्या लाकडी दांडीवर, नीट बसवणेसुद्धा जमत नाही.

पूर्वी एका शिबिरात मी शिकाऊ म्हणून गेलो होतो, तेव्हा नेमके हेच झाले होते. दोन दिवसांत पुष्कळ पाहिले, वहीही भरली, पण निखारा तयार झाला तो शिकवणाऱ्याच्या हातून. घरी आल्यावर स्वतः प्रयत्न केला तेव्हा लक्षात आले की जोर किती द्यायचा, मनगट कुठे टेकवायचे, केव्हा थांबायचे, यांपैकी काहीच हाताला ठाऊक नव्हते. म्हणून विषय आठांवरून चारांवर आणले : चाकू, ताडपत्रीचा निवारा व त्याला लागणाऱ्या गाठी, घर्षणाने अग्नी आणि दोरी वळणे. आता एका विषयाला १३५ मिनिटे येतात, आणि दोघांत एक संच दिला की प्रत्येकाचे हात जवळजवळ तासभर कामात राहतात.

वनस्पती ओळखण्याचा विषय वगळताना वाईट वाटले, पण तो वगळायलाच हवा होता. खाण्याजोगी आणि विषारी वनस्पती यांत फरक करणे ही एका ऋतूत, एका तासात शिकवण्याची गोष्ट नव्हे. अर्धवट ओळख ही अनोळखीपेक्षा अधिक घातक ठरते. कुऱ्हाड पुढच्या वेळेसाठी राखून ठेवली आहे.

दुसरा आठवडा : क्रम

चारही विषय एकमेकांवर अवलंबून असल्याने क्रम जवळजवळ आपोआप लागला. चाकू सर्वांत आधी, कारण पुढची कामे त्याच्यावाचून होत नाहीत, आणि शनिवारी सकाळी, कारण तेव्हा हात ताजे आणि लक्ष ठिकाणावर असते. चाकू हाती घेण्याआधी प्रत्येकाने हात लांब करून स्वतःभोवती फिरवायचा आणि त्या वर्तुळात कोणी येत नाही याची खात्री करायची. तासताना बसायचे ते कोपरे गुडघ्यांवर टेकवून, किंवा काम शरीराच्या बाजूला घेऊन. दोन्ही मांड्यांच्या मध्ये पाते कधीही आणायचे नाही, कारण मांडीच्या आतल्या बाजूने मोठी धमनी जाते आणि ती कापली गेली तर काही मिनिटांत जीवावर बेतू शकते. उठायचे असेल, मग ते दोन पावलांसाठी का असेना, चाकू म्यानात गेलाच पाहिजे. सूर्यास्तानंतर कोणाच्याही हातात उघडे पाते नसेल, हा नियम आम्ही एकमताने केला.

सुरुवातीला सर्वांनी एकच वस्तू करायची : काठीच्या टोकाला पातळ, कुरळ्या ढलप्या चिकटलेल्या राहतील अशी तासलेली फेदर स्टिक. ती करताना पात्याचा कोन, दाब आणि धार या तिन्हींची परीक्षा होते. ढलपी तुटून पडत असेल तर बहुधा पाते लाकडात खोल शिरत असते, किंवा धार गेलेली असते. म्हणून धार लावायचे दोन दगड जवळच ठेवणार आहोत.

दुपारी दोननंतर अग्नी. त्या वेळी हवेतील ओलावा दिवसभरात सर्वांत कमी असतो आणि नवख्यांना तेवढीच मदत होते. पहाटे दव पडल्यावर हेच काम दुप्पट अवघड होते. उजेड असेपर्यंत ताडपत्र्या बांधून व्हायला हव्यात, म्हणून निवारा त्यानंतर लगेच. रात्री शेकोटीभोवती दोरी वळायची, कारण तिला पाते लागत नाही आणि काम बोटांच्या स्पर्शावर चालते. घायपाताच्या पानांतले तंतू आधी काढून, वाळवून नेणार आहोत. तंतूंचे दोन पेड घेऊन प्रत्येकाला एका दिशेने पीळ द्यायचा आणि दोन्ही पेड उलट दिशेने एकमेकांवर टाकायचे; दोन्ही पीळ एकमेकांना उलगडू देत नाहीत, म्हणून दोरी टिकते. दोन्ही पेड एकाच ठिकाणी संपू न देता जोड मागेपुढे ठेवायचे, हे मात्र अंधारात सांगून कळत नाही. त्यासाठी अर्धवट जोडलेले चार नमुने मी करून ठेवले आहेत.

तिसरा आठवडा : जागा

जागा पाहायला आम्ही तिघे गेलो. जमिनीच्या मालकाची लेखी परवानगी घेतली आणि शेकोटीवर बंदीचा काळ नाही ना, याची चौकशी केली. ती चौकशी आदल्या दिवशी पुन्हा करायची आहे, कारण कोरडी हवा आणि वारा वाढला की नियम रातोरात बदलतात.

झोपण्याच्या जागेसाठी खाली पाहण्याआधी वर पाहिले. आम्हाला आवडलेल्या पहिल्या दोन जागांवर झाडांच्या वाळलेल्या फांद्या अडकून लोंबत होत्या, त्यामुळे त्या सोडल्या. ओढ्याचे कोरडे पात्र सपाट आणि मऊ होते, पण वरच्या बाजूला पाऊस पडला तर तिथे पाणी केव्हा येईल सांगता येत नाही. शेवटी किंचित उताराची, पाण्यापासून दूरची जागा घेतली. शेकोटीच्या ठिकाणी मध्यापासून चारी बाजूंना दीड मीटर पाचोळा काढून मोकळी माती उघडी करायची; जाड मुळांवर किंवा कुजलेल्या पाल्याच्या थरावर जाळ केला तर आग जमिनीखाली धुमसत राहते. चुलीला ओढ्यातले दगड घ्यायचे नाहीत, कारण आत मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटतात.

शौचाचे खड्डे पाण्यापासून किमान ६० मीटर दूर आणि १५ ते २० सेंटिमीटर खोल. ओढ्याचे पाणी कापडातून गाळून खळखळून १ मिनिट उकळायचे. २,००० मीटरपेक्षा उंच ठिकाणी असतो तर ३ मिनिटे उकळले असते, कारण उंचावर पाणी कमी तापमानाला उकळते. भाजल्यास जखम २० मिनिटे गार, स्वच्छ, वाहत्या पाण्याखाली धरावी लागते. तेवढे पाणी ऐन वेळी शोधत बसता येणार नाही, म्हणून तोटी असलेला २० लिटरचा भरलेला कॅन शेकोटीजवळ राहील आणि तो दुसऱ्या कशासाठीही उघडायचा नाही.

चौथा आठवडा : रंगीत तालीम

या आठवड्यावर सर्वाधिक लिहायचे आहे, कारण त्याने आखणी खऱ्या अर्थाने बदलली. आम्ही पाचही जण जागेवर गेलो आणि प्रत्येकाने धनुष्याने अग्नी करून पाहायचे ठरवले. साहित्य मीच तयार केले होते : अंगठ्याएवढी जाड, सुमारे २० सेंटिमीटर लांबीची चाती, दीड सेंटिमीटर जाडीची फळी, हाताएवढे किंचित वाकडे धनुष्य आणि वरून दाबायचा ठोकळा. लाकूड निवडताना नख रुतेल इतपत मऊ, चिकाचे नसलेले आणि झाडावर उभेच वाळलेले घेतले होते.

पाचांपैकी तिघांचा प्रयत्न फसला. चाती फिरताना चिरचिर आवाज येऊ लागला, चाती जिच्यात फिरते ती फळीतली खाच चकचकीत काळी झाली आणि घासून निघणारा भुसा पडेनासा झाला. दोन्ही लाकडे एकमेकांवर घासून गुळगुळीत झाली की असे होते. खरवडून ती चकाकी काढली आणि खाचेत चिमूटभर बारीक वाळू टाकली तेव्हा भुसा पुन्हा पडू लागला. पण तो फिकट तपकिरी होता, म्हणजे उष्णता पुरेशी नव्हती. कारण शोधता शोधता लक्षात आले की तीनही फळ्या आदल्या रात्री जमिनीवर राहिल्या होत्या. वरून त्या कोरड्या दिसत होत्या, पण गालाला लावल्या की गार लागत होत्या. लाकडात ओल असेल तर घर्षणाची उष्णता आधी ती ओल उडवण्यात खर्च होते.

मग कोरडी फळी घेतली. डावा पाय फळीवर, डावे मनगट नडगीला घट्ट टेकवलेले, ठोकळ्याच्या खाचेत मेणाचा थेंब. सुरुवातीला सावकाश, धनुष्याची पूर्ण लांबी वापरून; धूर दिसल्यावर दाब आणि वेग दोन्ही वाढवले. फळीच्या कडेची चीर खाचेच्या वर्तुळाच्या साधारण एक अष्टमांश रुंद आणि जवळजवळ मध्यापर्यंत पोहोचलेली होती. तिच्यात गडद, कॉफीच्या रंगाचा भुसा साचत गेला. चाती थांबवली तरी भुशातून धुराची बारीक रेघ येत राहिली. इथेच बहुतेक जण घाई करतात. आम्ही फळी हलकेच टकटक करून बाजूला घेतली, भुशाचा ढीग तसाच राहू दिला, हाताने जरा वारा घातला आणि सुमारे अर्ध्या मिनिटाने त्याच्या पोटात लाल ठिपका दिसला. तो सालीच्या तंतूंच्या घरट्यात ठेवून लांब, मऊ फुंकर घातली. धूर पांढरा आणि दाट झाला, हाताला ऊब लागली आणि जाळ धरला. आमच्यातला सर्वांत अनुभवी माणूसही त्या क्षणी हसला. हीच गोष्ट अठरा जणांच्या वाट्याला यावी, एवढ्यासाठी हे सारे चालले आहे.

या तालमीनंतर तीन बदल केले. नवख्याला आख्खा संच कोऱ्या लाकडापासून करायला दोन तासही अपुरे पडतील, म्हणून फळ्या आणि चात्या आम्ही तयार नेणार. खाच जाळणे आणि चीर कापणे मात्र ज्याने त्याने करायचे, कारण अपयशाची बरीचशी कारणे त्या चिरेतच असतात. दुसरे, अग्नीसाठी रविवारी उशिराच्या सकाळी आणखी एक सत्र ठेवले आणि त्यासाठी निवाऱ्याचा वेळ २० मिनिटांनी कमी केला. तिसरे, स्वयंपाकाची चूल घर्षणाच्या अग्नीवर अवलंबून ठेवायची नाही. ती फेरो रॉडने पेटवायची. कार्ल आउअर फॉन वेल्सबाख या ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञाने १९०३ मध्ये शोधलेल्या या लोह-सेरियम मिश्रधातूच्या ठिणग्या सुमारे ३,००० अंश सेल्सिअसपर्यंत तापतात आणि कांडी ओली झाली तरी पुसून चालते. भुकेल्या माणसाला निखाऱ्यासाठी धीर धरायला सांगणे योग्य नाही.

पाचवा आठवडा : सध्याची स्थिती

निवाऱ्यासाठी ३ बाय ३ मीटरच्या सहा ताडपत्र्या जमल्या आहेत, एकीखाली तिघे. गाठी तीनच शिकवायच्या : न सरकणाऱ्या फाशासाठी बोलाइन, झाडाला किंवा खुंटीला दोरी धरण्यासाठी क्लोव्ह हिच आणि ताण कमीजास्त करता येणारी टॉट-लाइन हिच. प्रत्येक जण त्या डोळे मिटूनही बांधेल आणि सोडवेल इथपर्यंत सराव घ्यायचा आहे, कारण भिजलेल्या दोरीला निरगाठ बसली की शेवटी दोरीच कापावी लागते.

बोलाइन शिकवायचे काम आमच्यातल्या एका ताईंकडे आहे. त्या डावखुऱ्या आहेत आणि अठरांपैकी निदान एक-दोघे डावखुरे असतीलच. उजव्या हाताने दाखवलेले सारे डावखुऱ्यांना उलटे करून घ्यावे लागते, ही अडचण ताईंमुळे सुटली.

प्रथमोपचाराच्या पेटीत दाबपट्ट्या वाढवल्या आहेत. जवळच्या रुग्णालयापर्यंतचा रस्ता दोघांनी प्रत्यक्ष जाऊन पाहिला आणि फोनला सिग्नल कुठे मिळतो ती जागा नकाशावर खूण करून ठेवली. निघण्यापूर्वी शेकोटी विझवण्यासाठी पूर्ण पाऊण तास राखला आहे : पाणी ओतायचे, राख ढवळायची, पुन्हा पाणी ओतायचे आणि हाताची पालथी बाजू जवळ नेऊन ऊब लागत नाही ना, ते पाहायचे.

नऊ जोड्यांसाठी बारा फळ्या आणि वीस चात्या हव्यात, कारण फळी चिरते आणि चाती झिजते. फळ्या पूर्ण झाल्या, चात्या सोळा झाल्या. उरलेल्या चार या शनिवारी तासायच्या आहेत. सर्व लाकूड घट्ट झाकणाच्या डब्यात, जमिनीपासून उंच ठेवले आहे. रोज रात्री एक फळी काढून गालाला लावून पाहतो. कालपर्यंत एकही गार लागलेली नाही.