आमची वाटचाल : केळ्याचे वेफर्स आणि तेलाचा शोध

जळगाव जिल्ह्यातल्या सावदा-फैजपूर रस्त्याच्या कडेला २००९ साली आम्ही पहिली कढई मांडली. भांडवल म्हणाल तर घरच्या शेतातली केळी, सासूबाईंचा हात आणि उधारीवर आणलेला पंधरा किलोचा तेलाचा डबा. त्या वर्षी केळीचे भाव पडले होते आणि लहान फण्या व्यापारी घेत नव्हते. "फेकण्यापेक्षा तळू," असं सासूबाई म्हणाल्या आणि धंदा सुरू झाला.

केळ्याबद्दल आम्हाला कुणी शिकवायची गरज नव्हती. घड जून हवा, पण हिरवागार हवा. पिकायला लागलेलं केळं आतून गोड होतं आणि चकती तळताना लाल पडते. किसणी थेट कढईवर धरायची, चकत्या तेलातच पडू द्यायच्या, बुडबुडे कमी व्हायला लागले की चमचाभर मिठाचं पाणी तेलात सोडायचं. तेल एकदम तडतडतं, म्हणून हात लांब ठेवायचा. हे सगळं घरातलंच ज्ञान. अडलो ते तेलापाशी. चार किलो कच्च्या केळांतून आमच्याकडे जेमतेम एक किलो वेफर्स निघतात, आणि त्या किलोत जवळपास तिसरा हिस्सा तेलाचा असतो. म्हणजे गिऱ्हाईक केळ्याबरोबर बरंच तेलही खातं. हे डोक्यात शिरायला मला चार वर्षं लागली.

सुरुवात पामोलिनवर, म्हणजे पामतेलाच्या पातळ भागावर केली, कारण सगळे त्यातच तळत होते. स्वस्त, फेस कमी आणि तापलेलं तेल बराच वेळ टिकतं. दिवाळीपर्यंत सगळं छान चाललं. डिसेंबरात आमच्याकडे पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास येतो, तेव्हा डब्यातलं तेल गढूळ होऊन थिजायला लागलं. त्याच तेलातले गार वेफर्स खाल्ले की टाळूला मेणासारखा थर चिकटायचा. नेहमीचे ट्रकवाले सांगू लागले, "ताई, चव चांगली आहे, पण तोंड बुळबुळीत होतं."

मग सरकीचं तेल आणलं. खानदेश कापसाचा, तेल जवळच मिळतं, आणि खरं सांगते, तळायला ते उत्तम आहे. वेफर्सही कुरकुरीत झाले. पण आमची निम्मी विक्री श्रावणात, नवरात्रात आणि एकादशीला होते. आमच्या घरात उपवासाला सरकीचं तेल चालत नाही. जे स्वतःच्या देवघरासमोर खाणार नाही, ते उपवासाचं म्हणून दुसऱ्याला कसं विकायचं? सासूबाईंनी दोन डबे संपेपर्यंत पाकिटावर 'उपवासाचे नाहीत' असं हाताने लिहायला लावलं.

२०१३ मध्ये सूर्यफुलाकडे वळलो. रंग सोन्यासारखा, खायला हलके. भुसावळच्या एका दुकानात शंभर पाकिटं ठेवली आणि तीन आठवड्यांनी बेचाळीस परत आली. पाकीट उघडताच खवट वास. मी रडले त्या दिवशी. अन्नतंत्रज्ञान शिकवणाऱ्या एका सरांनी कारण समजावलं. साध्या सूर्यफूल तेलात साठ टक्क्यांच्या आसपास लिनोलिक आम्ल नावाचा स्निग्ध घटक असतो. हवेतला ऑक्सिजन त्याला लवकर धरतो आणि तेल खवट होतं, उजेड पडला की आणखी लवकर. आमची पाकिटं पारदर्शक होती आणि दुकानदाराने ती दारातच उन्हात टांगली होती. तेव्हापासून आतून चंदेरी असलेलं, उजेड न शिरणारं पाकीटच वापरतो. जास्तीच्या पैशांचा मला कधी पस्तावा झाला नाही.

खोबरेल तेलातही वेफर्सचा एक घाणा तळून पाहिला. केरळात नेंद्रन केळ्याचे काप खोबरेल तेलात तळतात आणि त्यांचा सुवास काही औरच. ताजे खाल्ले तेव्हा आम्ही सगळेच खूश होतो. पण हे तेल चोवीस अंशांच्या खाली थिजतं. आमच्या हिवाळ्यात वेफर्सवर पांढरी साय धरली. ते तेल त्या हवेचं, आमच्या हवेचं नाही.

अखेर शेंगदाणा तेलावर स्थिरावलो. त्यातही ठेच लागली. लाकडी घाण्याचं तेल सर्वांत चांगलं, असं समजून तेच मोठ्या भट्टीवर चढवलं. फेस कढईबाहेर उतू गेला, धूर लवकर सुटला आणि दुसऱ्याच दिवशी तेल काळवंडलं. घाण्याच्या तेलात शेंगदाण्याचे बारीक कण आणि चिकट अंश राहतात. फोडणीला तीच त्याची खरी चव, पण १७५ अंशांवर तासन् तास तळताना तेच जळतात. तेव्हापासून भट्टीवर रिफाइंड शेंगदाणा तेल आणि घरच्या वरणाला घाण्याचं. लोक यावर माझ्याशी वाद घालतात, पण मी माझ्या कढईत पाहिलंय. शेंगदाणा तेलात ओलिक आम्ल, म्हणजे हवेने लवकर न बिघडणारा घटक जास्त आणि लिनोलिक सूर्यफुलाच्या जवळपास निम्मं. म्हणून वेफर्स टिकतात. आणि आमच्याकडे ते उपवासाला चालतं.

एका जानेवारीत 'शुद्ध शेंगदाणा' म्हणून घेतलेल्या डब्याच्या तळाशी पांढरा रवा बसलेला दिसला. तपासणी करून घेतली, तर पामोलिन मिसळलेलं निघालं. सगळा माल परत केला. आता प्रत्येक खेपेचा नमुना आधी फ्रिजमध्ये ठेवून आपल्या जुन्या चांगल्या तेलाशी ताडून पाहतो आणि शंका आली तर प्रयोगशाळेत पाठवतो.

२०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धाने सूर्यफूल तेल महागलं, आणि २८ एप्रिलला इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात बंद केली. सगळीच तेलं भडकली. घरात दोन रात्री चर्चा झाली, आणि आम्ही तेल न बदलता पाकिटामागे दहा रुपये वाढवले. काही गिऱ्हाइकं गेली. बरीचशी दिवाळीला परतली.

वापरलेल्या तेलाबद्दल मी फार कडक आहे. देशात १ जुलै २०१८ पासून नियम आहे की तळणीच्या तेलात पोलर घटक, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापून त्यात तयार होणारे खराब घटक, पंचवीस टक्क्यांच्या वर गेले की ते खाण्यासाठी वापरायचं नाही. आम्ही मोजायचं यंत्र घेतलं आहे, पण त्याआधी डोळे आणि नाक सांगतात. फेस बारीक होऊन लवकर बसत नाही, धूर आधी सुटतो, तेल झाऱ्यावरून जाडसर ओघळतं. तसं झालं की ते बायोडिझेलसाठी गोळा करणाऱ्यांकडे जातं, गाडीवाल्या भजीवाल्याला कितीही स्वस्तात हवं असलं तरी नाही. कढई लहान ठेवली आणि प्रत्येक घाण्याला कमी झालेलं तेल ताज्याने भरत गेलं, तर ही वेळ उशिरा येते.

घरी करणाऱ्या बायका विचारतात तेव्हा सांगते : कढई निम्मीच भरा, एका वेळी दोन मुठींपेक्षा जास्त चकत्या नकोत. एक चकती टाकून बघा. लगेच वर येऊन बुडबुडली तर तेल तयार. तळाशी बसली तर थांबा, नाहीतर ती नुसतं तेल पिईल.

आता माझी धाकटी जाऊ हिशेब पाहते आणि माझ्या डोक्यात नवं खूळ आहे. जुनागढच्या भुईमूग संशोधन केंद्राने गिरनार-४ आणि गिरनार-५ अशा जाती दिल्या आहेत. त्यांच्या तेलात ओलिक आम्ल ऐंशी टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणजे तेल आणखी उशिरा खवट होणार. बियाणं मिळवायची खटपट चालू आहे. केळी काढलेला बांधालगतचा अर्धा एकर त्यासाठी मोकळा ठेवलाय.