गोळी दिलीत का हो?

तळजाई टेकडीवर आमच्या कुत्रीला, खारीला, फिरवताना हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी येतोच. बदलीमुळे तिला पुण्याहून दिल्लीला विमानाने नेलं आणि आठ महिन्यांनी परत आणलं, हे टेकडीवरच्या सगळ्या कुत्रेवाल्यांना ठाऊक झालंय. "दोन तास गप्प बसली? झोपेची गोळी दिलीत का हो?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाही दिली. देणार होते, पण आमच्या डॉक्टरांनी साफ नाही म्हटलं. गुंगीच्या औषधाने रक्तदाब उतरतो, श्वास मंदावतो. त्यात उडत्या विमानातली हवा ८००० फुटांवर असावी तितकी विरळ होऊ शकते, म्हणजे कळसूबाईच्या शिखरापेक्षाही विरळ. शिवाय प्रवासाचा पिंजरा उचलताना तिरका झाला की गुंगीतल्या कुत्र्याला पाय रोवता येत नाहीत, आणि उड्डाणात खाली सामानाच्या कप्प्यात बघायला कोणी नसतं. तुमच्याकडे पग असेल तर गोळीचा विचारसुद्धा नको; बसक्या नाकाच्या कुत्र्यांना एरवीही श्वासाचा त्रास. (त्या कप्प्यात हवाच नसते, हे मात्र खोटं. दाब वरच्यासारखाच असतो आणि खाली जनावर आहे हे वैमानिकाला कळवलेलं असतं.)

गोळीऐवजी आम्ही महिनाभर पिंजरा हॉलमध्ये मांडून ठेवला. आत उभं राहता येईल, गर्रकन वळता येईल एवढा मोठा. सासूबाई पहिल्या दिवशीच म्हणाल्या, "मुक्या जनावराला कोंडताय होय?" पहिले चार दिवस खारी नुसती मान आत घालून पोळीचा तुकडा पळवायची, मागचे पाय पक्के बाहेर. पाचव्या दिवशी सासूबाईंनीच आपली जुनी सुती साडी चौघडी करून आत अंथरली. संध्याकाळी बघतो तर बाईसाहेब साडीवर, नाक पदराच्या काठात खुपसलेलं. मग दार लावायचं, आधी मिनिटभर, पुढे तासभर.

कागदपत्रांचं फारसं काही नाही: लसीकरणाचं पुस्तक आणि प्रवासाला योग्य असल्याचा डॉक्टरांचा दाखला. फक्त आपलं तिकीट काढण्याआधी कुत्र्याची जागा पक्की करा. आम्ही उलटं केलं आणि तारीख बदलायचे पैसे भरले.

रात्री वाटीभर पाणी फ्रीजरमध्ये गोठवलं आणि निघताना ती वाटी पिंजऱ्याच्या दाराला आतून अडकवली. बर्फ सांडत नाही, हळूहळू वितळतो. लोहगावला, पुण्याच्या विमानतळावर, पोचलो तेवढ्यात हवाई दलाचं लढाऊ विमान डोक्यावरून गेलं. मीच दचकले. खारी पिंजऱ्यात शिरून साडीवर बसली होती. गोळी घेतली ती मी, पित्ताची.

दिल्लीत पिंजरा हातात आला तेव्हा वाटीत थोडा बर्फ शिल्लक होता आणि साडीला एक नवीन भोक पडलं होतं. ती साडी अजून धुवायला टाकलेली नाही. सासूबाई टाकू देत नाहीत.