तुम्ही विचारलंत म्हणून: ट्रायपॉड कुठंय?

मी मोठ्या फिल्मचा, घरी बनवलेला कॅमेरा स्टँडशिवाय, हातात धरून वापरते, त्यामुळे हे मला दोन प्रकारची माणसं विचारतात. एक रस्त्यावरचे काका, ते आधी "किती मेगापिक्सेल?" विचारतात आणि मग "मॅडम, हे स्टँडवर नाही का लावत?" दुसरे फिल्मवाले, ज्यांना माहितीये की लार्ज फॉरमॅट म्हणजे ४ बाय ५ इंचाची एकेक सुटी शीट, डोक्यावर काळं कापड, आणि हललं की गेलं. त्यांच्या विचारण्यात जरा खोच असते, की बाई, हातात धरूनच काढायचाय तर एवढी मोठी फिल्म वाया कशाला घालवतेस.

आता ही काही मी काढलेली टूम नाही. स्पीड ग्राफिक नावाचा ४ बाय ५ चा कॅमेरा अमेरिकेत १९१२ पासून १९७३ पर्यंत बनत होता आणि पेपरवाले तो सरळ हातात धरायचे. जपानच्या इवो जिमा बेटावर अमेरिकन सैनिक झेंडा उभारतानाचा १९४५ चा फोटो त्यावरच काढलाय, जो रोझेन्थाल नावाच्या फोटोग्राफरने. आपल्याकडे होमाई व्यारावाला, देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेल्या, साडी नेसून तसलंच धूड घेऊन दिल्लीत फिरायच्या.

मी आधी दोन वर्षं स्टँडवरचाच वापरला. लँडस्केपला छान, पण मला माणसं काढायची असतात. मी कापडाखाली, समोर फोकसच्या दुधी काचेवर माणूस उलटा टांगलेला, फोकस होतंय होतंय, मग लेन्स बंद करा, फिल्मचा होल्डर घाला, त्यावरची झाकणपट्टी, म्हणजे डार्क स्लाइड, ओढा, आणि डोकं बाहेर काढावं तर समोरच्याचा चेहरा पासपोर्टच्या फोटोसारखा झालेला. शिवाय गंमत अशी की होल्डर घातल्यावर काचेतून काहीच दिसत नाही, म्हणजे ऐन फोटोच्या क्षणी तुम्ही आंधळेच असता. मग म्हटलं नाहीतरी आंधळंच राहायचंय तर कापड कशाला.

कॅमेऱ्याचा डबा बनवणं त्या मानाने सोपं निघालं. जुनी ९० मिमीची सुपर अँग्युलॉन लेन्स, सगळ्यात मोठं भोक एफ ८, शटरसकट. सहा मिमीचा प्लाय, फेविकॉल, आतून शाळेच्या फळ्याला देतात तो काळा रंग. बोहरी आळीतून करवतीची लाकडी मूठ आणली, ती बाजूला स्क्रूने बसवली आणि केबल रिलीज, म्हणजे शटर दाबायची तार, तिच्यावरून अंगठ्यापाशी आणली. व्ह्यूफाइंडर म्हणजे सायकलच्या स्पोकची चौकट आणि मागे एक भोक. फोकसला लेन्समागे हेलिकॉइड, म्हणजे फिरवली की लेन्स पुढेमागे नेणारी आट्यांची नळी, आणि ते फारसं फिरावंही लागत नाही, अनंतापासून दोन मीटरवर यायला ९० ची लेन्स जेमतेम सव्वाचार मिमी पुढे सरकते. सगळा मिळून दीड किलो.

अवघड जे आहे ते मागच्या बाजूला. होल्डरमध्ये फिल्म कडेपासून साधारण ४.८ मिमी आत बसते आणि फोकसची काच बरोब्बर तेवढ्याच आत पाहिजे. काच मी घरीच घासली. ६०० नंबरची सिलिकॉन कार्बाइड पावडर, थोडं पाणी, आणि काचेवर काच गोल गोल तासभर. आई म्हणाली जात्यावर बसलीयेस का. गच्चीवर जाऊन सिंहगडावरच्या टॉवरवर अनंत लावलं, खाली अंतरं मोजून दीड, दोन, तीन मीटरच्या खुणा केल्या, आणि खुशीत चार शीट काढल्या. चारही शीटमध्ये माणूस मऊ, म्हणजे धूसर, आणि मागची भिंत कडक. आठवडाभर लेन्सला शिव्या घातल्या. मग एका रात्री लक्षात आलं की काच उलटी बसलीये, घासलेली बाजू लेन्सकडे पाहिजे आणि माझी होती डोळ्याकडे. दोन मिमीची काच, तेवढ्यात तीन मीटरची खूण साडेपाच मीटरच्या पुढे जाऊन बसली होती. काच पलटली, खुणा परत केल्या. चार शीट गेल्या त्या गेल्या, आणि ४ बाय ५ ची शीट काय भावाने पडते ते ज्यांना माहितीये त्यांना माहितीये.

बरं, हलण्याचं. सगळे म्हणतात ९० ची लेन्स म्हणजे शटरचा वेग निदान एक नव्वदांश सेकंद तरी हवा. पण तो नियम ३५ मिमीच्या फिल्मचा आहे. ४ बाय ५ वर ९० ची लेन्स दिसायला साधारण ३५ मिमीवरच्या २८ सारखी रुंद, आणि ८ बाय १० चा प्रिंट करायला ही निगेटिव्ह फक्त दुप्पट मोठी करावी लागते, ३५ मिमीची आठपटीच्या वर. त्यामुळे एक साठांश मला बिनधास्त चालतो, एक तिसांशसुद्धा श्वास धरून जमतो. आरसा नाही, त्यामुळे आत काही आपटत नाही, आणि दीड किलोचा डबा छातीशी धरला की तो आपला आपण शांत बसतो. स्टँडवर जेवढं बारीक येतं तेवढं येत नाही, हे मान्य. भिंतीएवढे प्रिंट करणाऱ्यांनी स्टँडच घ्यावा, माझं काही म्हणणं नाही.

खरी मारामारी डेप्थची, म्हणजे पुढेमागे किती अंतर फोकसमध्ये राहतं त्याची. लेन्सचं भोक एफ १६ पेक्षा मोठं केलं की अंदाज चुकायला वाव राहत नाही, म्हणून मी एफ १६ सोडत नाही. दोन मीटरवर फोकस लावला तर दीडपासून सव्वातीन मीटरपर्यंत चालून जातं. पण एफ १६ ला उजेड लागतो. ढग असले तर एचपी ५ ही फिल्म, ४०० स्पीडची. चक्क ऊन असेल तर एक्स-रे फिल्म, हो, दवाखान्यातलीच. तिचा स्पीड मी ८० धरते, उन्हात एक साठांश बरोबर बसतो. ८ बाय १० ची शीट लाल दिव्यात कापून चार तुकडे होतात, फक्त प्रत्येक तुकडा दोन्हीकडून दीडेक मिमी परत छाटायचा, नाहीतर होल्डरमध्ये जात नाही. दोन्ही बाजूंना इमल्शन, म्हणजे उजेड टिपणारा थर, असतं त्यामुळे ट्रेमध्ये नुसता धक्का लागला तरी चरा पडतो, मी तळाला काच ठेवते. आणि तिला लाल रंग दिसतच नाही, लाल ते सगळं काळं.

अंतर मोजायला माझ्याकडे सुतळी आहे. मुठीला बांधलेली, दीड, दोन, तीनला गाठी. लोक हसतात, पण लेझरचं यंत्र कोणी हातात धरून देत नाही, सुतळीचं टोक मात्र सगळे धरतात.

वारीत दिवे घाटात चढावर स्टँड लावायला जागा नसतेच, तीन पाय पसरले की मागून दिंडी अंगावर. त्या दिवशी ढग फाटून मधेच ऊन पडलं होतं, म्हणून एक्स-रेचा होल्डर काढला. एक आजी डोक्यावर तुळशी वृंदावन घेऊन कठड्याशी दम खात उभ्या होत्या. विचारलं, काढू का, तर मानेनेच हो. सुतळीचं टोक त्यांच्या हातात दिलं.

"काय मापायलीस गं पोरी? झंपर शिवतीस का?"

दुसऱ्या गाठीवर सुतळी ताणली, त्या हसायला लागल्या, तुळशी हलायला लागली, आणि मी चौकटीवरून थेट त्यांच्याकडे बघत दाबलं. एकच शीट आली. होल्डरच्या दुसऱ्या बाजूच्या शीटवर दाबताना डार्क स्लाइड ओढायलाच विसरले, हे घरी बाथरूममध्ये कळलं.

त्यांच्या दिंडीचा नंबर होल्डरच्या टेपवर लिहून घेतला होता, रथामागची दिंडी. पुढच्या वर्षी सासवडच्या मुक्कामाला शोधत गेले. तंबूत भाकरी चालली होती. आजींनी हात पदराला पुसले, प्रिंट घेतला, लांब धरला, जवळ धरला, शेजारणीला दाखवला. मग कपाळावर बोट टेकवून म्हणाल्या, "कुकवाचा बुक्का केलास की गं."