पॉलिमर तीन दिवसांत, रिपोर्ट साडेचार महिन्यांनी: माझा अनुभव

परळीच्या थर्मलच्या चिमण्या बघत मी मोठी झाले. त्यामुळे पीएचडीला कार्बन डायऑक्साइड पकडणाऱ्या सच्छिद्र पॉलिमरचा विषय मिळाला, तेव्हा मी तो हौसेनं घेतला. बनवायला काही जड गेलं नाही. बायफिनाइल, डायक्लोरोइथेन, फॉर्माल्डिहाइड डायमिथाइल ॲसिटल आणि निर्जल फेरिक क्लोराइड, 80 अंशांवर 24 तास. मग मेथॅनॉलनं सॉक्सलेट, म्हणजे मेथॅनॉल उकळून-थंड करून पुन्हापुन्हा त्यातून फिरवत धुणं. तपकिरी भुकटी तयार.

घोडं अडलं ते बीईटीपाशी, म्हणजे पृष्ठभागाच्या मोजणीपाशी. पॉलिमरमधली छिद्रं डोळ्यांना दिसत नाहीत. −196 अंशांना भुकटी किती नायट्रोजन धरते, त्यावरून एका ग्रॅममागे किती चौरस मीटर पृष्ठभाग आहे ते काढतात. मशीन आमच्याकडं नाही, म्हणून सॅम्पल बाहेरच्या एका केंद्रात पाठवलं.

पहिल्यांदा अर्ज परत आला, एचओडींचा शिक्का नव्हता. दुसऱ्यांदा चलनाची प्रत कमी पडली. तिसऱ्यांदा सॅम्पल ठेवून घेतलं आणि सात आठवडे काहीच कळवलं नाही. फोन केला की एकच उत्तर, "मॅडम, लिक्विड नायट्रोजन आलं की लावतो." शेवटी पहाटेची एसटी धरून गेले. माझी बाटली खिडकीजवळच्या ट्रेमध्ये होती, झाकण सैल. पावसाळ्याचे दिवस! मला रडूच आलं.

रिपोर्ट आला, ग्रॅममागे फक्त 212 चौरस मीटर. दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. सरांनी कागद उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "डीगॅसिंग किती केलंय बघ." डीगॅसिंग म्हणजे मोजण्याआधी भुकटी तापवून छिद्रं रिकामी करणं. ते झालेलं 80 अंश, 2 तास. छिद्रांत मेथॅनॉल आणि दमट हवेतलं पाणी तसंच बसलेलं, मग नायट्रोजन शिरणार कुठून? आणि केंद्राच्या फॉर्मवर हे तापमान लिहायला रकानाच नाही! याचा राग अजून गेलेला नाही.

मग वेगळं पत्र जोडलं: 120 अंश, व्हॅक्यूममध्ये 12 तास, वजन डीगॅसिंगनंतरचंच धरावं. त्याच भुकटीचा आकडा 934 आला. तो कागद मी आईला दाखवला.

तुम्ही पाठवणार असाल तर हे पत्र पहिल्याच वेळी जोडा. निम्मं सॅम्पल स्वतःजवळ ठेवा, माझं दुसरं मोजमाप त्यावरच झालं. सॉक्सलेटमधलं मेथॅनॉल पिवळं उतरतंय तोवर धुणं बंद करू नका, राहिलेलं लोखंड वजनात धरलं जातं आणि आकडा पडतो. फेरिक क्लोराइड पावसाळ्यात झटपट तोला, ते हवेतलं पाणी ओढतं.

पाण्याचं सांगायचं राहिलंच. वाफ थंड करणाऱ्या कंडेन्सरला रात्रंदिवस पाणी लागतं आणि मे महिन्यात आमच्याकडं नळ आठवड्यातून एकदा. मी टबात कूलरचा पंप सोडला, वरून बर्फ टाकत राहिले. एका टबात सगळं निभावलं.

आता 0 अंशांवर कार्बन डायऑक्साइड मोजायचाय. सॅम्पल सोमवारी पाठवतेय, पत्र बाटलीलाच चिकटवलंय.